पानावरून घरंगळणारी फवारणी: पान तपासून स्प्रेडरची मात्रा कशी ठरवावी

कांदा, कोबी, वाटाणा किंवा कोवळ्या मक्यावर फवारणी झाली की सरीत ओल दिसते आणि पात मात्र कोरडी राहते. मग पुढच्या खेपेला पंपात स्टिकर, म्हणजे औषध पानावर पसरावं आणि टिकावं म्हणून मिसळायचं द्रव, दुप्पट पडतो. आता पान चकचकीत ओलं दिसतं, शेतकऱ्याचं समाधान होतं, पण बरंचसं औषध पातीवरून ओघळून पुन्हा सरीतच गेलेलं असतं. पाणी पानावर पसरणं वेगळं आणि पाणी पानावर राहणं वेगळं. आपल्याला दुसरं हवं आहे. ते किती मात्रेत मिळेल हे पिकागणिक, पानाच्या वयागणिक आणि आपल्या विहिरीच्या पाण्यागणिक बदलतं. म्हणून पुडीवरची एकच मात्रा सगळीकडे न वापरता अर्धा दिवस खर्चून खालची तपासणी करा.

## आधी एवढं समजून घ्या

पानाच्या बाहेरच्या थरावर मेण असतं. मेणाचे रेणू म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. पाण्याच्या रेणूंना तिथे धरायला काही मिळत नाही, म्हणून ते एकमेकांनाच धरून राहतात आणि थेंब गोल होतो. थेंबाची कड पानाला जिथे टेकते तिथला, पाण्याच्या आतून मोजलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. तो ९० अंशांपेक्षा कमी असेल तर पान भिजतं, जास्त असेल तर पान पाणी टाळतं.

गुळगुळीत मेणावर हा कोन साधारण ११० अंशांच्या आसपास थांबतो. त्यापुढे तो जातो तो खडबडीतपणामुळे. अळू, कमळ, कोबी, वाटाणा यांच्या पानांवर मेणाचे सूक्ष्म स्फटिक किंवा उंचवटे असतात आणि त्यांच्या फटींत हवा अडकते. थेंब बराचसा या हवेवर तरंगत राहतो. कमळ-अळूवर कोन १५० अंशांच्या पुढे जातो आणि अळवावरचं पाणी जराशा हालचालीने निसटतं.

ढोबळ विभागणी अशी:

- सहज भिजणारी: काकडी, घेवडा, कापूस.
- मधली: मिरची, टोमॅटो, द्राक्षाच्या पानाची वरची बाजू.
- पाणी टाळणारी: कांदा, लसूण, कोबी, फ्लॉवर, वाटाणा, गहू, भात, सोयाबीन, पाच-सहा पानांपर्यंतचा मका.

मक्याची गंमत लक्षात ठेवा. सुरुवातीची पानं निळसर, मेणाच्या पांढुरक्या थराची असतात. पुढे येणारी पानं हिरवीगार, चकचकीत आणि बऱ्यापैकी भिजणारी निघतात. लष्करी अळीसाठी पहिल्या फवारणीला जी मात्रा लागली तीच तिसऱ्या फवारणीला लागेल असं नाही.

दुकानात सगळ्यालाच ‘स्टिकर’ म्हणतात, पण बाटलीवरचा घटक वाचा. स्प्रेडर पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल ठेवणारा त्याच्या पृष्ठभागाचा ताण, उतरवतो. साध्या पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. साधे नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेले) स्प्रेडर तो ३०च्या आसपास आणतात, सिलिकॉनयुक्त स्प्रेडर २० ते २२पर्यंत. खरा स्टिकर, म्हणजे राळ किंवा लॅटेक्सवर आधारलेला, वाळल्यावर औषध पावसात धुऊन जाऊ नये म्हणून असतो. थेंब बसवण्याचं काम त्याच्याकडून होईलच असं नाही. खालची चाचणी स्प्रेडरसाठी आहे.

## टप्पा १: साहित्य आणि पाणी

लागणाऱ्या वस्तू:

- १०० युनिटची इन्सुलिन सिरिंज (नारिंगी टोपणाची). तिचा एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर. लाल टोपणाची ४० युनिटची सिरिंज घेतली तर एक युनिट २५ मायक्रोलिटर होतो आणि थेंब फार मोठा पडतो.
- १ मि.लि.पर्यंत मोजणारी वेगळी सिरिंज, स्प्रेडर मोजायला. बाटलीच्या टोपणाने मोजू नका.
- एक लिटरचं मोजपात्र आणि पाच स्वच्छ बाटल्या.
- ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा.
- पीएच पट्ट्या, दुहेरी चिकटपट्टी, सपाट पट्टी, मोबाइल.
- ज्या पंपाने फवारणी करणार तोच पंप आणि तोच नोझल.

पाणी नळाचं किंवा बाटलीतलं घेऊ नका. ज्या बोअरच्या पाण्याने फवारणी होणार तेच घ्या. पीएच बघून लिहून ठेवा. सिलिकॉन स्प्रेडर पीएच ६ ते ८ यांच्या दरम्यान टिकतो. त्यापेक्षा फार आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी पाण्यात त्याचे रेणू तुटत जातात.

इशारा: मागच्या फवारणीतला स्प्रेडर पंपात आणि नळीत उरलेला असतो. तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन, प्रत्येक वेळी नोझलमधून पाणी सोडल्याशिवाय चाचणी सुरू करू नका. शून्य मात्रेचा निकाल संशयास्पद चांगला आला तर कारण बहुतेक हेच असतं.

## टप्पा २: पान निवडणं

इथे सर्वाधिक चुका होतात. हात लागला की मेणाचा पांढरट थर पुसला जातो. कोबीचं पान अंगठ्याने एकदा चोळा आणि त्यावर पाणी टाका, फरक लगेच दिसेल. म्हणून पान देठाकडून धरा, मधल्या भागाला बोट लावू नका.

१. शेताच्या तीन वेगळ्या जागांवरून पानं घ्या. बांधाकडेची धुळीची पानं वगळा.
२. कोवळं, मधलं आणि जुनं अशी तीन वयं घ्या. जुन्या पानाचा थर पाऊस, धूळ आणि एकमेकांवर घासण्यामुळे झिजलेला असतो, म्हणून ते सोपं भिजतं.
३. रोग किंवा कीड ज्या बाजूला आहे ती बाजू तपासा. बऱ्याच पिकांत पानाच्या दोन बाजू वेगळ्या वागतात.
४. दव वाळल्यानंतर, पान तोडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत चाचणी उरका. सुकलेलं पान खोटं सांगतं.

मात्रा ठरवताना सगळ्यात अवघड पान धरायचं, सरासरी नव्हे. पण जाळ पडतो का, म्हणजे फवारणीने पान करपतं का, ते बघताना सगळ्यात कोवळं आणि नाजूक पान धरायचं.

## टप्पा ३: साध्या पाण्याचा थेंब

पानाचा सपाट तुकडा चिकटपट्टीने पट्टीवर लावा. सिरिंजमधून एक युनिट पाणी बाहेर काढा म्हणजे सुईच्या टोकाला थेंब लटकेल. पट्टी वर उचलून पान थेंबाला टेकवा. थेंब पानावर न उतरता सुईलाच चिकटून राहिला तर ते पान अतिशय पाणी टाळणारं आहे, ही नोंद घ्या. मग थेंब अर्धा सेंटीमीटर उंचीवरून पाडा.

मोबाइल पानाच्या पातळीत, अगदी आडवा धरा. थेंबामागे पांढरा कागद ठेवून मागून उजेड येऊ द्या. थोडाही वरून फोटो घेतला तर कोन कमी दिसतो. फोटोवर दोन मापं घ्या: थेंबाची उंची आणि पानाला टेकलेल्या तळाची रुंदी. उंचीला रुंदीने भागा.

- ०.१३: सुमारे ३० अंश
- ०.२९: सुमारे ६० अंश
- ०.५: ९० अंश
- ०.८७: सुमारे १२० अंश

१० मायक्रोलिटरचा थेंब स्वतःच्या वजनाने थोडा चपटा होतो, त्यामुळे १२० अंशांच्या पुढचं माप खऱ्यापेक्षा कमी येतं. आपल्याला प्रयोगशाळेचा आकडा नको, पाना-पानांची आणि मात्रा-मात्रांची तुलना हवी आहे, तेवढ्याला हे पुरतं. प्रत्येक पानावर किमान पाच थेंब घ्या. शिरेवर पडलेला थेंब मोजू नका.

## टप्पा ४: उतारावर थेंब काय करतो

हा टप्पा अनेक जण गाळतात, आणि मग स्पर्शकोन बघून चुकीचा निष्कर्ष काढतात. पट्टी हळूहळू कलती करा. काही पानांवर थेंब गोल बसतो पण पट्टी उभी केली तरी सुटत नाही. गुलाबाच्या पाकळीवर असं होतं. काहींवर जरा कलताच घरंगळतो. पहिल्या प्रकारात बारीक थेंब असतील तर स्प्रेडर अगदी थोडा पुरतो. दुसऱ्या प्रकारात स्प्रेडरशिवाय इलाज नाही.

तपासणी: शेतात ते पान जमिनीशी किती कलतं असतं? कांद्याची पात जवळपास उभी असते, कोबीचं बाहेरचं पान आडवं. कांद्याची चाचणी पट्टी उभी धरूनच करा.

## टप्पा ५: मात्रांची मालिका

एक लिटर पाण्यात १ मि.लि. स्प्रेडर मिसळा. हे मूळ द्रावण. त्यातून:

१. ५०० मि.लि. मूळ द्रावण अधिक ५०० मि.लि. पाणी: लिटरला ०.५ मि.लि.
२. २५० मि.लि. मूळ द्रावण अधिक ७५० मि.लि. पाणी: लिटरला ०.२५ मि.लि.
३. १०० मि.लि. मूळ द्रावण अधिक ९०० मि.लि. पाणी: लिटरला ०.१ मि.लि.
४. उरलेले १५० मि.लि. म्हणजे लिटरला १ मि.लि. मात्रा.
५. पाचव्या बाटलीत साधं पाणी.

बाटल्या हलवू नका, उलट्यासुलट्या करून मिसळा. जोरात हलवलं की फेस होतो आणि सिरिंजमध्ये हवा येते. कमी मात्रेपासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी सिरिंज पुढच्या द्रावणाने दोनदा विसळा.

प्रत्येक मात्रेचा थेंब अवघड पानावर ठेवून एक मिनिट थांबा. साधा स्प्रेडर थेंब बसका करतो. सिलिकॉन स्प्रेडर पुरेशा मात्रेत थेंबाचा पातळ पापुद्राच करून टाकतो. एका विशिष्ट मात्रेनंतर पृष्ठताण आणखी उतरत नाही. त्यापुढे ओतलेला स्प्रेडर फेस वाढवतो, खर्च वाढवतो आणि पानाचं मेण बिघडवतो.

मात्र सुईने ठेवलेला थेंब निवांत असतो. नोझलमधून निघालेला थेंब सेकंदाच्या छोट्या अंशात पानावर आदळतो आणि तेवढ्या वेळात स्प्रेडरचे रेणू त्याच्या नव्या पृष्ठभागावर पोचलेले असायला हवेत. कमी मात्रेत ते पोचत नाहीत, म्हणून सुईच्या चाचणीत बरा बसलेला थेंब फवारणीत उसळी मारू शकतो. या चाचणीतून फक्त दोन मात्रा निवडा: जिथे थेंब पहिल्यांदा नीट बसला ती, आणि तिच्या वरची. निर्णय पुढच्या टप्प्यात होतो.

## टप्पा ६: वजनाची चाचणी

मला विचाराल तर बाकी सगळं सोडून हा एकच टप्पा केला तरी चालेल.

१. सारख्या आकाराची पाच पानं घ्या. तोडलेल्या टोकाला चिकटपट्टी लावा म्हणजे रस गळणार नाही. प्रत्येकाचं वजन करा.
२. शेतात असतील त्याच कलात ती दोरीला चिमट्याने लावा.
३. पंपात साधं पाणी भरून, नेहमीच्या दाबाने, नेहमीच्या अंतरावरून, नेहमीच्या चालीने फवारा.
४. तीस सेकंद थांबा, ओघळणारं ओघळू द्या.
५. पुढच्या एका मिनिटात वजन करा. उशीर केला तर पाणी उडून जातं.
६. वाढलेलं वजन भागिले कोरड्या पानाचं वजन. पाच पानांची सरासरी काढा.
७. नवी पानं घेऊन निवडलेल्या दोन्ही मात्रांनी हेच करा. एकच पान पुन्हा वापरू नका, मेण धुऊन गेलेलं असतं.

पाणी टाळणाऱ्या पानावर साध्या पाण्यापेक्षा स्प्रेडरसह वजन वाढलेलं दिसेल. मात्रा आणखी वाढवली की एका ठिकाणी वजन पुन्हा घटायला लागतं, कारण थर इतका पातळ होतो की ओघळून जातो. ज्या मात्रेला वजन सर्वाधिक, ती आपली मात्रा. दोन मात्रांत फारसा फरक नसेल तर कमी मात्रा घ्या. काकडी-घेवड्यासारख्या भिजणाऱ्या पानावर भरपूर पाण्याने फवारताना बऱ्याचदा स्प्रेडर घातल्यावर पानावरचं पाणी कमीच भरतं. अशा पिकाला फक्त पुडीत लिहिलेलं असेल तरच स्प्रेडर द्या.

१६ लिटरच्या पंपाला लिटरला ०.२५ मि.लि. म्हणजे ४ मि.लि. आणि ०.५ मि.लि. म्हणजे ८ मि.लि. स्प्रेडरच्या लेबलवरची कमाल मात्रा ओलांडू नका, चाचणी काहीही सांगो.

## टप्पा ७: जाळ पडतो का?

आता औषधासह, हातमोजे आणि मास्क घालून, निवडलेल्या मात्रेत आठ-दहा झाडांवर फवारा आणि तीन दिवस पाहा. सिलिकॉनमुळे द्रावण पर्णरंध्रांतूनही आत शिरू शकतं, त्यामुळे एरवी सोसणारं मिश्रण पान जाळू शकतं. पानाची टोकं आणि ओघळ थांबतो त्या खोलगट जागा नीट बघा, नुकसान तिथेच आधी दिसतं. विद्राव्य खत आणि दोन-तीन औषधं एकत्र असतील तर ही पायरी अजिबात टाळू नका.

## टप्पा ८: टाकी भरण्याचा क्रम

१. टाकी अर्धी पाण्याने भरा.
२. पाण्याचा पीएच दुरुस्त करायचा असेल तर आत्ताच. बोर्डो मिश्रण किंवा ताम्रयुक्त औषध असेल तर आम्ल घालू नका, त्यातून मोकळं होणारं तांबं पान जाळतं.
३. पाण्यात मिसळणारी भुकटी किंवा दाणे, वेगळ्या भांड्यात कालवून.
४. दाट प्रवाही औषध.
५. तेलकट, दुधाळ होणारं औषध.
६. पूर्ण विरघळणारं द्रव औषध.
७. टाकी जवळजवळ भरल्यावर सर्वांत शेवटी स्प्रेडर, आणि हलक्या हाताने ढवळणं.

स्प्रेडर आधी घातला तर फेस टाकी भरू देत नाही आणि पंप हवा ओढतो. आधी काचेच्या बरणीत एक लिटरचं प्रमाण करून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. साका, गुठळ्या किंवा वर तेलाचा थर आला तर ती औषधं एकत्र करू नका. कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

## टप्पा ९: फवारणी

थेंबाचा आकार. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबात २०० मायक्रॉनचे आठ थेंब बसतात. मोठा थेंब जोरात आदळतो आणि मेणचट पानावरून उसळतो. कीड-बुरशीसाठी हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणारा) नोझल वापरा, झिजलेला असेल तर बदला. फार बारीक धुकंही नको, ते वाऱ्यावर जातं.

पाणी. स्प्रेडर वापरल्यावर पान थेंब पडेपर्यंत भिजवायचं नाही. पानाच्या टोकाला पाणी जमू लागायच्या आधी पुढे सरका. यामुळे एकरी पाणी कमी लागतं, आणि इथे एक मोठी चूक घडते: औषध लिटरच्या हिशेबाने घालत राहिलं तर एकरी मात्रा घटते. हिशेब एकरी मात्रेचा करा आणि लेबलवर दिलेल्या पाण्याच्या मर्यादेत राहा.

वेळ. दवावर फवारू नका. पानावर आधीच असलेल्या थेंबात स्प्रेडर मिसळला की सगळंच ओघळतं. दुपारच्या कोरड्या उन्हात पातळ पसरलेला थर लगेच वाळतो. दव वाळल्यानंतरची सकाळ किंवा उन्हं उतरल्यावरची वेळ बरी.

## टप्पा १०: बसलं का ते बघा

पिवळा पाणी-संवेदी कागद पिकात लावून निळे ठिपके मोजण्याची पद्धत चांगली आहे, पण ती थेंब *पोचला* एवढंच सांगते. कागद पाणी शोषतो, कांद्याची पात नाही. कागद निळा आणि पात कोरडी, असं सहज होतं. म्हणून कागदाशेजारचं पान बघाच. मँकोझेब किंवा ताम्रयुक्त औषध असेल तर वाळल्यावर डाग दिसतात. सगळीकडे बारीक ठिपके असतील तर ठीक. वरचा भाग स्वच्छ आणि टोकाला किंवा देठाशी रंग साचलेला असेल तर ओघळ झाला आहे, स्प्रेडरची मात्रा किंवा पाणी कमी करा.

## काही पिकांची खास बाब

कांदा. इथे उद्देशानुसार निर्णय बदलतो. फुलकिडे पातीच्या बेचक्यात, मानेजवळ लपतात. त्यांच्यासाठी थोडं द्रावण पातीवरून खाली उतरून बेचक्यात जाणं फायद्याचं, म्हणून वजनाच्या चाचणीत आलेल्या मात्रेच्या थोडं वर गेलं तरी चालतं. करप्यासाठी मात्र औषध पातीवरच राहायला हवं. दोन्ही एकाच फवारणीत साधायला गेलं की एक काम कच्चं राहतं.

द्राक्ष. मण्यावरची पांढरट लव म्हणजे मेणच. स्प्रेडर, विशेषतः सिलिकॉन, ती लव विस्कटतो आणि मण्यावर डाग उरतात. मण्यात पाणी उतरल्यानंतर घडांवर स्प्रेडर टाळा. त्याआधीही पानांवरची चाचणी घडाला लागू करू नका.

कोबी, फ्लॉवर. बाहेरची पानं आणि गड्डा वेगळे वागतात. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी पानाच्या खालच्या बाजूलाही खाते, तेव्हा नोझल खालून वर फिरवल्याशिवाय कितीही स्प्रेडर घाला, उपयोग नाही.

## कपड्यांची पावडर आणि शाम्पू

हा प्रश्न हमखास येतो. पाणी पसरतं हे खरं. पण कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते आणि अल्कधर्मी पाण्यात अनेक कीटकनाशकं लवकर विघटन पावतात. साबण जड पाण्यात चोथा धरतो आणि नोझल तुंबवतो. शाम्पूत नेमकं किती काय आहे हे कळत नाही, त्यामुळे मात्रा ठरवता येत नाही, आणि फेस वेगळाच. पानाचं मेण धुतलं गेलं तर पानातलं पाणी जास्त उडून जातं आणि बुरशीला दार उघडतं. लेबल असलेला, घटक छापलेला स्प्रेडर घ्या. बाटली बदलली, कंपनी बदलली किंवा उन्हाळ्यात बोअरचं पाणी जड झालं की टप्पा ५ आणि ६ पुन्हा करा. फवारणी संपल्यावर पंप लगेच तीन वेळा धुवा आणि ते पाणी विहिरीपासून लांब, त्याच शेतात मोकळ्या जागी फवारून टाका.